सातशे एक्कावन्नावे पान

एच. पी. लव्हक्राफ्टच्या 'द डनिच हॉरर' (१९२९) या कथेत विल्बर व्हेटली नावाचा एक आडदांड खेडवळ तरुण मिस्कॅटोनिक विद्यापीठाच्या ग्रंथालयात येतो. त्याच्याजवळ आजोबांकडून आलेली 'नेक्रोनॉमिकॉन'ची इंग्रजी प्रत आहे, पण ती खंडित आहे. ७५१व्या पानावर यायला हवा तो मजकूर तिच्यात नाही, म्हणून ग्रंथालयातली लॅटिन प्रत त्याला आपल्या प्रतीशी ताडून पाहायची आहे. पाठ जुळत नाहीत, काही ठिकाणी पुनरुक्ती आहे, काही ठिकाणी अर्थ संदिग्ध आहे, आणि तो गोंधळतो. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या पुढे घेऊन बसलेला अभ्यासक अशाच अडचणीत सापडतो. फरक एवढाच, की विल्बरला पाठ शुद्ध करून जगाचा शेवट करायचा आहे.

भयकथेतला खलनायक पाठचिकित्सक असावा, हे मला लव्हक्राफ्टचे सर्वांत विलक्षण सुचणे वाटते. 'नेक्रोनॉमिकॉन' खरोखर लिहून काढण्याचे गेल्या पन्नास वर्षांतले बहुतेक प्रयत्न का फसले, याचे उत्तरही याच प्रसंगात आहे.

पुस्तकाची जन्मकथा थोडक्यात सांगतो. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) लहानपणी 'अरेबियन नाइट्स' वाचून स्वतःला अब्दुल अलहझ्रेद म्हणवून घेत असे. 'द नेमलेस सिटी' (१९२१) मध्ये तेच नाव त्याने एका वेड्या अरब कवीला दिले आणि 'द हाउंड'मध्ये त्या कवीच्या नावावर एक ग्रंथ टाकला. १९२७ साली तर त्याने या ग्रंथाचा छोटेखानी इतिहासच लिहिला. मूळ नाव 'अल अझिफ', रचना दमास्कसमध्ये, इ.स. ७३०च्या सुमारास, ७३८मध्ये कवीला भर दिवसा, लोकांदेखत, एका अदृश्य प्राण्याने खाऊन टाकले, ९५०मध्ये ग्रीक भाषांतर, १२२८मध्ये ओलाउस वर्मियसचे लॅटिन, १२३२मध्ये पोप नववा ग्रेगरी याची बंदी. उरलेल्या प्रती ब्रिटिश म्युझियम, पॅरिसचे राष्ट्रीय ग्रंथालय, हार्वर्डचे वाइडनर, ब्युनोस आयर्सचे विद्यापीठ आणि मिस्कॅटोनिक येथे. या पाच ठिकाणांपैकी फक्त शेवटचे काल्पनिक आहे.

या तपशिलांत चुका आहेत. 'अब्दुल'मध्ये 'अल' हा उपपद येऊन गेलेलाच आहे, त्यामुळे 'अब्दुल अलहझ्रेद' हे नाव कोणत्याही अरबाला खटकेल. ओलाउस वर्मियस, म्हणजे ओले वर्म, हा खरा माणूस. पण तो सतराव्या शतकातला डॅनिश वैद्य होता. लव्हक्राफ्टने त्याला चारशे वर्षे मागे ढकलले. गंमत अशी, की या चुकांनी काही बिघडत नाही. जुन्या ग्रंथांच्या इतिहासात असे घोळ असतातच, आणि घोळ दिसला की वाचकाला तो इतिहास अधिकच खरा वाटतो.

त्याची दुसरी युक्ती 'द फेस्टिव्हल'मध्ये दिसते. तिथे एका जुन्या घरातल्या मेजावर चार पुस्तके पडलेली आहेत. ग्लॅनव्हिलचे आणि रेमिजियसचे पुस्तक खरे आहे. मॉरिस्टरचे पुस्तक अँब्रोज बिअर्सने आपल्या एका कथेत कल्पिलेले. आणि चौथे 'नेक्रोनॉमिकॉन'. खऱ्यांच्या शेजारी बसले की खोट्यालाही शिधापत्रिका मिळते. पुढे रॉबर्ट हॉवर्ड, क्लार्क ॲश्टन स्मिथ, रॉबर्ट ब्लॉक या मित्रांनी आपापले काल्पनिक ग्रंथ त्याच फळीवर ठेवले आणि एकमेकांचे हवाले दिले.

आता प्रत्यक्ष संहिता पाहू. सगळ्या कथांतून या ग्रंथातले म्हणून दिलेले उतारे एकत्र केले, तर चार पाने भरायची नाहीत. बाकी सगळे प्रती, भाषांतरे, बंदी आणि कुलूपबंद कपाटे. म्हणजे लव्हक्राफ्टने ग्रंथ लिहिलाच नाही, त्याने ग्रंथसूचीतली नोंद लिहिली. हा आळस नव्हता. १९३६ साली एका पत्रात त्याने स्पष्ट केले होते, की कोणी हा ग्रंथ खरोखर लिहू लागला तर उल्लेखांनी शहारलेल्या सगळ्यांची निराशा होईल. त्या पत्राचा एक मानकरी जेम्स ब्लिश, तेव्हा पंधरा वर्षांचा. त्याच्याकडे नंतर येऊ.

निराशेची सुरुवात १९७३मध्ये झाली. औल्सविक प्रेसने 'अल अझिफ' काढले आणि एल. स्प्रेग द कॅम्पने त्याला प्रस्तावना जोडली. हस्तलिखित इराकमधून आले, ज्या विद्वानांनी हात लावला त्यांचे बरे झाले नाही, वगैरे. पुढे पानेच्या पाने 'दुरियाक' नावाच्या भाषेतली, अरबी वळणाची गिरगिटी. त्यातली काही पाने फिरून पुन्हा आलेली. वाचताच येत नाही, म्हणून निराशाही होत नाही. प्रामाणिक थट्टा म्हणून मला ही आवृत्ती आवडते. १९७८चा लंडनचा प्रयत्न जास्त महत्त्वाकांक्षी होता. जॉन डीच्या एका खऱ्या सांकेतिक हस्तलिखितात 'नेक्रोनॉमिकॉन' दडलेले असून ते संगणकाने उलगडले, असा दावा जॉर्ज हे यांनी संपादित केलेल्या त्या पुस्तकात होता. प्रस्तावना कॉलिन विल्सनची, आणि हा सगळा बनाव होता हे पुढे विल्सननेच लिहून टाकले. त्या पुस्तकातला चौकशीचा भाग रंगतो. 'उलगडलेला' मजकूर सुरू झाला की जांभई येते.

सर्वांत खपली ती १९७७ची, न्यूयॉर्कमध्ये निघालेली, 'सायमन' एवढेच नाव लावणाऱ्या संपादकाची आवृत्ती. तिच्याकडे गांभीर्याने पाहायला हवे, कारण ती थट्टा म्हणून निघालेली नाही. सायमनने सुमेर-बाबिलोनच्या खऱ्या पुराणकथा घेतल्या. तिआमत आणि मर्दुक यांचे युद्ध आहे, मर्दुकची पन्नास नावे आहेत, प्रत्येक नावाची मुद्रा आणि उपयोग आहे, एकामागून एक ओलांडायची सात द्वारे आहेत, रक्षणाची वर्तुळे आहेत. मजकुराला वजन आहे, कारण त्यातला बराच भाग खरोखरच चार हजार वर्षे जुन्या परंपरेतून उचललेला आहे. तरीही हे 'नेक्रोनॉमिकॉन' नाही.

आपल्याकडे जत्रेत, रस्त्याकडेच्या पुस्तकविक्यांकडे मंत्रतंत्राच्या, वशीकरणाच्या पुस्तिका मिळतात. त्यांचा पाया एक आश्वासन असते: विधी बरोबर केलास तर शक्ती तुझे ऐकेल. मांत्रिक पोथी कितीही काळी असो, तिच्या केंद्रस्थानी माणूस असतो. विश्व त्याच्या उच्चाराला उत्तर देते. लव्हक्राफ्टचे भय नेमके याच्या उलट आहे. त्याच्या विश्वात माणूस कोणाच्या खिजगणतीत नाही. ज्या शक्ती आहेत त्या दुष्टसुद्धा नाहीत, त्यांना आपण आहोत हेच माहीत नाही. मर्दुक येऊन तिआमतला मारील अशी सोय तिथे नाही. ही सोय लव्हक्राफ्टच्या मृत्यूनंतर ऑगस्ट डर्लेथने केली, चांगल्या देवांचा एक पक्ष उभा करून. आणि सायमन त्याच वाटेने गेला. पन्नास नावे पाठ करून वाचता येत असेल तर घाबरायचे कशाला? विल्बरला अचूक पाठ मिळता, तरी जे घडले असते त्यात माणसासाठी काहीच नव्हते.

तर मग हे पुस्तक घडवता येतच नाही का? येते, पण अप्रत्यक्षपणे. एच. आर. गीगरने १९७७मध्ये आपल्या चित्रसंग्रहाला 'नेक्रोनॉमिकॉन' हे नाव दिले आणि एकही मंत्र न देता काम केले. 'एलियन' (१९७९) चित्रपटातला प्राणी त्यातूनच आला. दुसरे उदाहरण ब्लिशचे. रॉबर्ट चेंबर्सच्या 'द किंग इन यलो' (१८९५) या संग्रहात त्याच नावाचे एक काल्पनिक नाटक आहे. त्याचा दुसरा अंक वाचणारा वेडा होतो. पत्राला चौतीस वर्षे झाल्यावर, १९७०मध्ये, ब्लिशने 'मोअर लाइट' या कथेत ते नाटक खरोखर लिहून दाखवले. पण त्याचा निवेदक हस्तलिखित शेवटपर्यंत वाचू शकत नाही. किती वाचू द्यायचे आणि कुठे थांबवायचे, हे त्या पंधरा वर्षांच्या पोराने पत्रातून बरोबर उचलले होते.

चेंबर्सच्या त्या पुस्तकातून एक धागा थेट आपल्याकडे येतो. त्यात 'हास्तुर' हे नाव आहे. चेंबर्सने ते बिअर्सकडून घेतले, जिथे तो मेंढपाळांचा साधासुधा देव होता. लव्हक्राफ्टने नुसता नामोल्लेख केला, डर्लेथने त्याचा महाराक्षस केला. स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' (१९८४) या कथेतल्या म्हातारीने निषिद्ध पुस्तके वाचून त्याच नावाचा धावा केलेला असतो. किंगच्या या कथेवरून नारायण धारपांनी 'आजी' लिहिली, आणि 'आजी'चे बीज राही अनिल बर्वेच्या 'तुंबाड' (२०१८) मध्ये रुजले. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून, पण देव हस्तर.

धारपांच्या 'समर्थ' कथांत अनिष्टाला रोखणारा माणूस असतो; मराठी भयकथेला ती सोय हवीशी वाटली आणि त्यात गैर काही नाही. 'तुंबाड'ने मात्र वेगळे केले. हस्तर हा देवीचा पहिला मुलगा. सोने घेतल्यावर धान्यही घ्यायला निघाला, तेव्हा बाकीच्या देवांनी त्याच्यावर हल्ला केला. आईने त्याला वाचवले, पण एका अटीवर: त्याची कधी पूजा होणार नाही, त्याला कोणी आठवणार नाही. चित्रपटाने कुठलेही 'हस्तरपुराण' रचले नाही, श्लोक दिले नाहीत. प्रेक्षकाने घरी जाऊन अठरा पुराणे चाळली आणि त्याला हस्तर सापडला नाही, तरी चित्रपट खोटा पडत नाही. त्यात सांगितले होते तसेच झालेले असते.