षट्कोनांची जाळी आणि इतिहासाची साक्ष

वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलज्ञाचा दक्षिण जर्मनींतील केंद्रस्थळांवरील ग्रंथ १९३३ सालीं येना येथें प्रसिद्ध झाला. गांवें व शहरें यांची संख्या, त्यांचा आकार आणि त्यांमधील अंतर यांस कांहीं नियम आहे काय, हा त्यांतील मुख्य प्रश्न. आजूबाजूच्या मुलखास माल, वैद्य, न्यायालय इत्यादि सोयी पुरविणें हें शहराचें खरें कार्य होय, असें ग्रंथकर्ता मानतो. भूमि सपाट व सर्वत्र सारखी असेल, तर अशा स्थळांचीं क्षेत्रें षट्कोनी होतात. बाजाराचीं लहान गांवें सुमारें ७ किलोमीटरांवर येतात. कारण तासाभराच्या पायीं चालीहून लांब कोणी सहसा बाजारास जात नाहीं. वरच्या पायऱ्यांवरील स्थळांचीं अंतरें १२, २१, ३६ अशीं वाढत जातात.

ही उपपत्ति बांधेसूद आहे. स्थळाचें महत्त्व केवळ लोकसंख्येवरून न ठरवितां तेथील टेलिफोनांच्या संख्येवरून मोजण्याची युक्तिही कल्पक आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकास एक आक्षेप घेणें प्राप्त आहे.

या जाळींत म्युनिक अग्रस्थानीं आहे. पण तें तेथें कां? फ्रायझिंगच्या बिशपचा पूल, बाजार व जकात ओबरफेरिंग येथें होती. ‘सिंह’ या उपनामानें प्रसिद्ध असलेल्या ड्यूक हेन्रीनें मिठाचा व्यापार आपल्या पुलाकडे वळविला, आणि ११५८ सालीं बादशहा फ्रेडरिक बार्बारोसा यानें, उत्पन्नाचा तिसरा हिस्सा बिशपास देववून, त्या कृत्यास मान्यता दिली. स्टुटगार्ट वाढलें तें व्युर्टेंबर्गच्या राजघराण्याची राजधानी म्हणून. ग्रंथकर्ता असलीं कारणें नाकारीत नाहीं. परंतु त्यांस तो नियमापासून झालेलें विचलन समजतो. आमच्या मतें हें विचलन म्हणजेच इतिहास होय.

हा भेद केवळ शब्दांचा नाहीं. १९४० नंतर क्रिस्टालर हिमलरच्या वसाहत-कचेरींत काम करूं लागला. ज्या पश्चिम पोलंडांतून पोलिश व यहुदी लोकांस हुसकावून लावण्यांत येत होतें, त्याच प्रदेशासाठीं त्यानें केंद्रस्थळांचे आराखडे तयार केले. वस्तुस्थिति समजण्यासाठीं केलेला नियम तेथें वस्तुस्थितीवर लादण्यांत आला. उपपत्तींतील भूमि सर्वत्र सारखी कल्पिलेली होती; राज्यकर्त्यांनीं खरी भूमि निर्जन करावयास घेतली. ग्रंथाच्या गुणांचें वर्णन करतांना ही गोष्ट वगळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

तरीही हा ग्रंथ टाकून देण्याजोगा नाहीं. आपल्या दप्तरांतही कसबा व मौजा हा भेद पदोपदीं आढळतो. एखाद्या परगण्याच्या नकाशावर ही जाळी ठेवून पाहावी. जीं गांवें तींत बसतील त्यांचें कारण बहुधा बाजार असेल. जीं बसणार नाहींत त्यांच्यासाठीं मात्र किल्ला, घाट, देवस्थान किंवा वतन यांचे कागद धुंडाळावे. संशोधकाचें खरें काम तेथूनच सुरू होतें.