तडजोड आणि खटल्याचे निरसन

महिपतीने ‘भक्तलीलामृता’त देहूची एक कथा सांगितली आहे. तुकोबांनी घराण्याच्या सावकारीची खते धाकटे बंधू कान्होबा यांच्याशी वाटून घेतली; कान्होबांचा अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याचीच खते इंद्रायणीत सोडली. ऋणमुक्तीच्या या कथेत एक मर्यादाही सांभाळलेली आहे: सोडावयाचे ते आपले असले पाहिजे.

ग्यानसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निर्णय याच मर्यादेवर उभा आहे. ‘तडजोड करणे’ या क्रियेचे कर्ते पक्षकार होत. ‘खटला रद्द करणे’ या क्रियेचा कर्ता उच्च न्यायालय होय. व्यापारी, आर्थिक वा वैवाहिक व्यवहारातून उद्भवलेला, मुख्यतः दिवाणी वळणाचा वाद मिटल्यास खटला रद्द होऊ शकतो. खून, बलात्कार, दरोडा यांत समाजाचा वाटा असतो. तो फिर्यादीला सोडता येत नाही. पूर्वी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ मध्ये नमूद असलेला हा अधिकार १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ मध्ये आहे.

तथापि, ही विभागणी गुन्ह्याचे स्वरूप जितके पारखते तितके संमतीचे पारखत नाही. देहूत सोडणारा स्वतः धनको होता. न्यायालयात सही करणारा पुष्कळदा दुबळा पक्ष असतो. मध्य प्रदेश राज्य विरुद्ध लक्ष्मी नारायण या निर्णयाने (२०१९) आरोपीने तडजोड कशी घडवून आणली, हेही पाहण्यास सांगितले. वस्तुतः हा प्रश्न प्रथम विचारला गेला पाहिजे; धाकाने घेतलेल्या संमतीवर पुढील कोणतीही विभागणी टिकणार नाही.