पारावरचा प्रेक्षक कधी उठणार?

वाशिम जिल्ह्यात पथनाट्याची टंचाई नाही. सरकारी योजनांच्या प्रसिद्धीसाठी कलापथकं फिरतात, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातली मुलं पारावर येतात, हागणदारीमुक्तीच्या काळात तर अशा प्रयोगांना ऊतच आला होता. ढोलकी वाजते, दारुड्या झोकांड्या खातो, लोक पोट धरून हसतात आणि शेवटी एक शहाणं पात्र सगळ्यांना समज देतं. फोटो निघतात, पथक पुढच्या गावाला लागतं. अहवालात याची नोंद ‘लोकसहभाग’ अशी होते. कलावंतांच्या कसबाबद्दल तक्रार नाही. त्यांतले कित्येक जण गायन पार्टीत आणि भारुडात तयार झालेले असतात. तक्रार आहे ती शेवटाबद्दल. गाडी गावात शिरण्याआधीच तो ठरलेला असतो.

ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआलने हाच ठरलेला शेवट मोडला. त्याच्या ‘फोरम’ पद्धतीत अन्यायाचा प्रसंग एकदा सरळ दाखवायचा. तोच पुन्हा सुरू झाला की प्रेक्षकाने “थांबा” म्हणायचं, पात्राच्या जागी उभं राहायचं आणि वेगळं काही करून बघायचं. रिओच्या नगरपालिकेत 1993 ते 1996 या काळात सभासद असताना बोआलने अशा प्रयोगांतून पुढे आलेल्या सूचनांचे कायदेही करून घेतले. आपल्याकडे 1985 मध्ये सुरू झालेली बंगालमधली ‘जन संस्कृती’ ग्रामीण भागात हे काम करते आहे.

पण वऱ्हाडाला प्रेक्षकाशी बोलणारी कला बाहेरून आणावी लागत नाही. वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्याच्या शेजारचा मूर्तिजापूर तालुका घ्या. तिथल्या दापुरे गावात गाडगेबाबा आजोळी वाढले. त्यांचं कीर्तन आधी खराट्याने सुरू व्हायचं आणि रात्री प्रश्नांनी रंगायचं. कर्ज काढून तेरवी घातली का, देवापुढे कापलेला बकरा देवाने खाल्ला का, असं ते वऱ्हाडीत विचारत आणि समोरचा समुदाय मोठ्याने उत्तर देई. संहिता नाही, रंगमंच नाही, फक्त विचारणं. तरीही बाबांच्या प्रश्नात उत्तर दडलेलं असे, हे मान्य केलं पाहिजे. गाव “नाही जी” म्हणे, पण कथेची दिशा गावाच्या हाती नसे. महात्मा फुल्यांच्या 1855 च्या ‘तृतीय रत्न’मधला विदूषक एका अर्थाने पुढे जातो. तो प्रसंग चालू असतानाच मध्ये बोलतो, जोशीबुवाची लबाडी उघडी पाडतो. फक्त ते बोलणं नाटककाराने लिहून दिलेलं असतं. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, अण्णाभाऊंचं लाल बावटा कलापथक, डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर अंनिसच्या कार्यकर्त्यांनी उभी केलेली रिंगणनाट्यं, ही सगळी परंपरा धाडसाची आहे. प्रेक्षकाच्या हाती सूत्रं देण्याची मात्र ती क्वचितच झाली.

हे सगळ्यात जास्त खटकतं ते शेतकरी आत्महत्येवरच्या नाटकांत. 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत वाशिम होतं. तेव्हापासून विदर्भात या विषयावर रडवणारे प्रयोग पुष्कळ झाले. दोर, विधवा, पोरकी मुलं. अंधार होतो, टाळ्या पडतात. पण दोराच्या प्रसंगात प्रेक्षकाने मध्ये पडून करायचं तरी काय? “असं करू नको” एवढंच. उपदेश तो तोच, फक्त वक्ता बदलला.

खरं नाटक त्याच्या कितीतरी आधी घडून गेलेलं असतं: कृषी केंद्राच्या उधारीत, पीककर्जाच्या खिडकीवर, बाजार समितीच्या हर्रासात. सोयाबीन घ्या. 2024 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा 12 टक्के. ती नंतर 15 वर नेली गेली. परतीच्या पावसात भिजलेला माल घेऊन आलेला शेतकरी, ओलावा मोजणारं यंत्र, आणि फाटकाबाहेर रोकडा घेऊन उभा व्यापारी, एवढ्यावर प्रयोग उभा राहतो. इथे प्रेक्षकाला करण्यासारखं बरंच आहे. कुणी दुसऱ्यांदा मोजणी मागेल, कुणी दहा जणांना घेऊन सचिवाकडे जाईल, कुणी म्हणेल, व्यापाऱ्याला देऊन मोकळा हो, पोराची फी भरायची आहे. हा शेवटचा माणूस पथनाट्यात मूर्ख ठरतो. फोरममध्ये त्याला बोलू द्यावं लागतं, आणि बहुधा त्याचंच म्हणणं गावाला पटतं. अनुदान देणाऱ्याला नेमकं हेच परवडत नाही.

सरकारी चौकट तर याहून गमतीची. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. अमोल पालेकरांनी 2016 मध्ये या पूर्वपरीक्षणाला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. जे संवाद मंगरुळपीरच्या एखाद्या बाईला ऐन वेळी सुचणार, ते मंजुरीला धाडायचे कसे?

आणि त्या बाईचा प्रश्न कायद्याहून मोठा आहे. ती उठते, सावकाराच्या किंवा सासऱ्याच्या पात्रापुढे बोलते. खरा सावकार तिसऱ्या ओळीत बसलेला असतो. पथक रात्री निघून जातं, तिला सकाळी त्याच्याच दारावरून शेतात जायचं असतं. म्हणून एका संध्याकाळचा फोरम मला बेजबाबदार वाटतो. ‘जन संस्कृती’चं बळ तिच्या तंत्रापेक्षा गावातच राहणाऱ्या तिच्या नाट्यगटांत आहे. वाशिममध्ये तशी माणसं हाताशी आहेत: बचत गटांतल्या बाया, गुरुदेव सेवा मंडळाची भजनी मंडळी, मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवर होळीला लेंगी गाणारे बंजारा स्त्री-पुरुष. सवाल-जवाब त्यांना शिकवावा लागणार नाही. पथकांना मिळणारा पैसा प्रयोगांच्या आकड्यावर न देता अशा एका गटाला वर्षभर एकाच गावात काम करायला द्यायला कोणतं खातं तयार होईल, हे अजून कुणी विचारलेलंही दिसत नाही.