चमक कमी झाली, म्हणजे स्राव झाला का?

पाठ्यपुस्तकातली आकृती आपल्या डोक्यात पक्की बसलेली असते. चेतापेशीच्या टोकाला संदेश पोचला, कॅल्शियम आत आलं, व्हेसिकल पटलात मिसळली, रसायन बाहेर. सगळं मिलिसेकंदभरात. मुंबईच्या टीआयएफआरमधल्या सुदीप्त मैती यांच्या गटाचा २००८ चा पेपर (जर्नल ऑफ न्यूरोसायन्स रिसर्च) सांगतो की स्राव टोकाशीच होतो असं नाही. पेशीच्या धडातूनही होतो आणि त्याला मिनिटं लागतात. संशोधनाकडे वळणाऱ्यांनी तो जरूर वाचावा, पण प्रश्न विचारत.

पेपरची ताकद पद्धतीत आहे. सेरोटोनिनला कुठलाही रंग लावलेला नाही. थ्री-फोटॉन सूक्ष्मदर्शीखाली रेणू स्वतःच चमकतो आणि ती चमक मोजली जाते. उंदराच्या राफे भागातल्या एका पेशीच्या धडात सरासरी ९ फेम्टोमोल सेरोटोनिन, सुमारे ४५० व्हेसिकलांत, प्रत्येकीचा व्यास ३७० नॅनोमीटर. भागाकार करून बघा: एका व्हेसिकलमध्ये साधारण सव्वा कोटी रेणू, म्हणजे जवळपास पाऊण मोलर. दाट आहे, पण अशक्य नाही. मात्र ३७० नॅनोमीटर म्हणजे अशा सूक्ष्मदर्शीच्या क्षमतेचा काठ. दिसणारा ठिपका एक व्हेसिकल की अनेकींचा झुपका, हे नुसत्या चित्रावरून ठरत नाही. लेखकांनीही ‘किंवा झुपके’ असं प्रामाणिकपणे लिहिलंय.

माझा आक्षेप पुढे आहे. पोटॅशियमने किंवा पॅरा-क्लोरोअँफेटामिनने ३० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन बाहेर पडतं, असं सारांश एकाच वाक्यात सांगतो. पण हे दोन रस्ते वेगळे आहेत. पोटॅशियम पेशीचा विद्युतदाब बदलतं, कॅल्शियमची दारं उघडतात. दुसरं औषध व्हेसिकलमधला साठा आतल्या आत सैल करतं आणि वाहक प्रथिनाला उलटं चालवून सेरोटोनिन बाहेर काढतं. त्याला कॅल्शियमची गरज नाही. दोन्हीकडे चमक कमीच होणार. म्हणजे चमक घटली यावरून व्हेसिकल रिकामी झाली एवढंच कळतं, कुठल्या दारातून ते नाही.

असा पेपर हातात आला की तीन गोष्टी शोधा: बाहेरचं कॅल्शियम काढल्यावर काय होतं, कॅल्शियमच्या वाहिन्या बंद केल्यावर काय होतं, आणि व्हेसिकल पटलापाशी येताना दिसते का. या गटाने २०१२ मध्ये तिसऱ्या प्रश्नाकडे मोर्चा वळवला, तेही वाचा.

आणि पेपर म्हणतो की धडातला स्राव महत्त्वाचा ‘असू शकतो’. तुमच्या प्रस्तावात संदर्भ देताना तो ‘शकतो’ गाळू नका.