सरकारी ग्रंथांची संयुक्त सूची

प्रकाशित ग्रंथ सार्वजनिक ग्रंथालयांस देण्याविषयीच्या १९५४ च्या कायद्याने कोलकाता, चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील चार ग्रंथालयांस प्रती मिळतात. सातव्या कलमाने सरकारी ग्रंथही त्यात आणिले. मात्र केवळ कचेरीच्या उपयोगाचे ग्रंथ वगळिले. आमच्या मते मुख्य उणीव येथेच आहे. पेशवे दप्तरही एके काळी कचेरीतच बंद होते. १९३० पासून सरदेसायांनी निवडलेले त्यातील कागद ४५ भागांत सरकारने छापिले, तेव्हा त्यांचे मोल सर्वांस कळले. कायद्याने वगळिलेले असे मुद्रित अहवाल ज्या ग्रंथालयांच्या संग्रही असतील, त्यांनी आपापल्या याद्या एकत्र करून एकच सूची सिद्ध करावी, व प्रत्येक नोंदीत प्रतीचे ठिकाण द्यावे. ठिकाण न सांगणारी सूची संशोधकास निरुपयोगी होय.