रस्त्याकडेचे नवल आणि मागच्या आसनावरील वाचक : अमेरिकी महामार्गावरील थांब्यांच्या समीक्षेचा पुनर्विचार

अमेरिकेतील महामार्गांच्या कडेला प्रवाशाला थांबविण्यासाठी उभारलेल्या वस्तूंना, म्हणजे सिमेंटचे बदक, सुतळीचा प्रचंड गोळा, जमिनीत नाक खुपसून उभ्या मोटारी यांना, मराठीत नेमका शब्द नाही. ‘प्रेक्षणीय स्थळ’ ही रूढ संज्ञा येथे अपुरी पडते. तीत स्थळाची योग्यता आधी गृहीत धरलेली असते आणि रस्ता हे तेथवर पोहोचण्याचे साधन असते. येथे क्रम उलटा आहे. रस्ता आधी आहे, त्यावर लांबच्या प्रवासाने कंटाळलेले कुटुंब आहे आणि त्या कंटाळ्यावर पोट भरू पाहणारा कोणी दुकानदार वा शेतकरी आहे. वस्तू त्यानंतर जन्मास येते. म्हणून प्रस्तुत लेखात ‘रस्त्याकडेचे नवल’ असा शब्दप्रयोग योजिला आहे. या नवलांवर गेल्या साठ वर्षांत गंभीर लेखनही झाले आहे. त्या लेखनाने काय पाहिले व काय नजरेआड केले, याचा शोध घेणे हा येथील हेतू होय.

या चर्चेचा आरंभ एका बदकापासून करावा लागतो. न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवर मार्टिन मॉरर या बदकपालन करणाऱ्या शेतकऱ्याने १९३१ साली बदकाच्याच आकाराचे दुकान बांधविले. तारेच्या जाळीवर सिमेंट चढवून केलेल्या या सुमारे २० फूट उंच बदकाच्या पोटात बदके व अंडी विकली जात. डोळ्यांच्या जागी फोर्डच्या मॉडेल टी मोटारीचे मागचे दिवे बसविलेले होते. वास्तुसमीक्षक पीटर ब्लेक यांनी १९६४ मध्ये ‘गॉड्स ओन जंकयार्ड’ या ग्रंथात विद्रूप झालेल्या अमेरिकी भूदृश्याचा पुरावा म्हणून याच बदकाचे छायाचित्र छापले. आठ वर्षांनी, १९७२ मध्ये, रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनूर यांनी ‘लर्निंग फ्रॉम लास व्हेगास’मध्ये तेच बदक उचलून त्याची एक संज्ञाच बनविली. जी इमारत स्वतःच आपल्या आशयाचे चिन्ह बनते ती ‘बदक’ आणि जी साधी खोली असून तिच्यावर चिन्ह लावलेले असते ती ‘सजविलेली शेड’.

या ग्रंथाने रस्त्याकडेच्या बदकाला प्रतिष्ठा दिली, असे आपल्या वर्गाध्यापनात सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. व्हेंचुरी व त्यांच्या सहकाऱ्यांचा कौल शेडच्या बाजूने होता. अलंकाराचा तिटकारा करता करता सबंध इमारतच अलंकार करून बसणाऱ्या आधुनिक वास्तुविशारदांना टोमणा मारण्यासाठी त्यांना बदक हवे होते. ब्लेक यांना ते कुरूपतेचा नमुना म्हणून हवे होते, यांना उपरोधाचे साधन म्हणून. दोन्ही ठिकाणी मॉररच्या दुकानात कोण शिरले, अंडी कोणी घेतली आणि बदकाजवळ उभे राहून छायाचित्र कोणी काढून घेतले, हा प्रश्न उपस्थितच होत नाही. वस्तू धावत्या मोटारीतून, समोरच्या काचेतून वाचली जाते. हा वाचक चालक आहे.

जॉन मार्गोलिस यांचे कार्य अधिक आस्थेचे आहे, यात शंका नाही. १९६९ ते २००८ या काळात त्यांनी देशभर मोटारीने फिरून रस्त्याकडेच्या वास्तूंची छायाचित्रे घेतली. त्यांतील ११ हजारांहून अधिक आज लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहेत. अनेक वास्तू पाडल्या गेल्यानंतर त्यांचा हाच एक विश्वासार्ह दस्तऐवज उरतो. परंतु सकाळच्या स्वच्छ उजेडातील त्यांच्या चौकटीत माणसे सहसा आढळत नाहीत. छायाचित्रकाराने वास्तूला मान मिळावा म्हणून गर्दी टाळली, हे समजण्यासारखे आहे. तरीही मुलांविना उभा डायनासोर आणि मुले अंगाखांद्यावर चढलेला डायनासोर या दोन भिन्न संहिता आहेत, असे आम्हास वाटते.

मागच्या आसनावरील वाचकाचे महत्त्व विद्वानांपूर्वी व्यापाऱ्यांनी ओळखले. साउथ डकोटातील वॉल या छोट्या गावी टेड ह्यूस्टेड यांनी १९३१ मध्ये औषधाचे दुकान विकत घेतले. पहिली काही वर्षे गिऱ्हाईक नव्हते. १९३६ च्या उन्हाळ्यात त्यांची पत्नी डोरोथी हिने, तापलेल्या माळावरून जाणाऱ्या प्रवाशांना सर्वाधिक गरज बर्फाच्या पाण्याची आहे, तेव्हा ते फुकट देऊ आणि तशा पाट्या रस्त्यावर लावू, असे सुचविले. पुढे या पाट्या शेकडो मैलांवर पसरल्या. एकामागोमाग येणाऱ्या पाट्यांचा खरा परिणाम मुलांवर होतो. चालकाला पाटी ही सूचना वाटते, तर मुलाला ते वचन वाटते, आणि वचनपूर्तीसाठी ते मैलोगणिक तगादा लावते. फुकट पाण्यासाठी थांबलेले कुटुंब काही ना काही विकत घेऊनच निघते. येथे भूदृश्य नव्हे, तर एक कौटुंबिक वाटाघाट घडते. ब्लेक वा व्हेंचुरी यांच्या परिभाषेत तिला जागा नाही.

१९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणण्यास प्रारंभ झाला. या महामार्गांवरून ठरावीक फाट्यांवरच उतरता येते, त्यामुळे मन मानेल तेथे थांबण्याची मोकळीक संपली. १९६५ च्या महामार्ग सौंदर्यीकरण कायद्याने फलकांवर बंधने आणली. पुष्कळ नवले याच काळात ओस पडली.

उरली त्यांतील सुतळीच्या दोन गोळ्यांची तुलना समीक्षेच्या दृष्टीने उद्बोधक आहे. मिनेसोटातील डार्विन या गावी फ्रान्सिस जॉन्सन यांनी १९५० पासून २९ वर्षे एकट्याने गोळा गुंडाळला. त्याचे वजन १७,४०० पौंड असून तो आता पारदर्शक आवरणात जतन केलेला आहे. कॅन्ससमधील कॉकर सिटी येथील गोळा फ्रँक स्टोबर यांनी १९५३ मध्ये सुरू केला व १९६१ मध्ये तो गावाच्या स्वाधीन केला. स्टोबर यांच्या पश्चातही गावकरी दरवर्षी त्यात भर घालतात आणि वाट वाकडी करून आलेला प्रवासीही आपल्या हाताने चार हात सुतळी गुंडाळू शकतो. ‘जगातील सर्वांत मोठा’ हे बिरुद कोणाचे, या वादात गंमत आहे. परंतु एकाच कर्त्याची, पूर्ण झालेली, स्पर्शापलीकडची कृती आणि अनेकांच्या हातांनी वाढत राहणारी, कधीही पूर्ण न होणारी कृती असा मूलभूत भेद त्यामागे आहे. पहिली संग्रहालयाच्या जवळ जाते, दुसरी लोकपरंपरेच्या. टेक्सासमधील अमरिलोजवळचे कॅडिलॅक रँच हे १९७४ मध्ये अँट फार्म या कलावंत-गटाने एका धनिकाच्या आश्रयाने केलेले, म्हणजे अभिजनांच्या कलाविश्वातून आलेले काम. दहा मोटारींवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी रंगांचे इतके थर चढविले आहेत की मूळ कर्तृत्व शब्दशः झाकले गेले. आमचा कल कॉकर सिटीकडे आहे, हे लपविण्याचे कारण नाही.

मात्र ‘अनेकांचे हात’ म्हणताना कोणाचे, हे विचारले पाहिजे. हार्लेममधील टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी ‘ग्रीन बुक’ ही मार्गदर्शिका काढली. कोठे उतरता येईल, कोठे जेवण मिळेल, हे तीत दिलेले असे. तिची शेवटची आवृत्ती १९६६-६७ ची, म्हणजे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतरची. वॉलच्या पाट्या आणि ही पुस्तिका एकाच वर्षी अवतरल्या. एका कुटुंबाला रस्ता ‘थांबा’ म्हणत होता, त्याच वेळी दुसऱ्याला कोठे थांबणे सुरक्षित आहे याची यादी जवळ बाळगावी लागत होती. त्या मागच्या आसनावरील मुलाला प्रत्येक पाटी वचन वाटली नसेल.

१९२६ साली आखलेल्या रूट ६६ चे २०२६ हे शताब्दीवर्ष. वारसा म्हणून काय जपावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ सैद्धांतिक राहत नाही. याच मार्गावर ॲरिझोनातील होलब्रुक येथे विगवॅम मोटेल आहे. केंटकीच्या फ्रँक रेडफर्ड यांच्या कल्पनेतील सात वसाहतींपैकी आज उरलेल्या तिघांत ती एक. खोल्यांचा आकार मैदानी प्रदेशातील जमातींच्या शंकाकृती टिपीचा आणि नाव मात्र ईशान्येकडील घुमटाकार विगवॅमचे. जवळच राहणाऱ्या नावाहो लोकांचे पारंपरिक घर या दोहोंहून वेगळे, होगन. मुलांना ‘इंडियनांच्या तंबूत’ झोपल्याचा आनंद मिळतो, हे खरेच. पण ज्यांची घरे म्हणून ती दाखविली जातात, त्यांच्याविषयी मुलाला काहीच कळत नाही.

साउथ कॅरोलायनाच्या सीमेवरील साउथ ऑफ द बॉर्डर या स्थळाचा निवाडा त्याहून अवघड आहे. ॲलन शेफर यांनी १९४९ मध्ये बिअरचे दुकान म्हणून आरंभिलेल्या या जागेचा पेद्रो हा बोधपुरुष मेक्सिकन माणसाचे उघड विडंबन होता आणि त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतील फलकांवर कित्येक पिढ्यांतील मुले हसली. त्याच शेफर यांनी वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय प्रवाशांना मात्र दार बंद केले नाही. एका समूहाला आत घेणारी आणि दुसऱ्याला हास्यास्पद करणारी ही जागा ब्लेक यांच्या उकिरड्यात बसत नाही, व्हेंचुरींच्या शेडमध्येही नाही. आत थांबलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबातील मुलानेही पेद्रोच्या फलकांखाली उभे राहून छायाचित्र काढून घेतले असेल.