‘प्रहार’मधील गैरहजर पाद्री

विंचूर म्हटले की नाशिक जिल्ह्याबाहेरील वाचकास कांद्याचे लिलाव आणि द्राक्षांचे मळे आठवतात. परंतु या गावाची ओळख एके काळी तलवारीशी जोडलेली होती. पेशवाईतील सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या घराण्याने याच जहागिरीवरून ‘विंचूरकर’ हे नाव घेतले, आणि १७६१ साली पानिपतावर विठ्ठल शिवदेव स्वतः हजर होते. जिल्ह्यातच देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण चालते. सैन्यभरतीची जाहिरात निघाली की पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने धावणारी मुले इकडे दिसू लागतात आणि त्यांत एखादे आपल्या मोजक्या ख्रिस्ती घरांतलेही असते. तेव्हा परिसरातील युवकांच्या एका मेळाव्यासाठी ‘श्रद्धा आणि सैनिक’ हा विषय निघावा आणि त्यासाठी नाना पाटेकर यांचा १९९१ सालचा ‘प्रहार’ हा हिंदी चित्रपट दाखवावा, अशी सूचना यावी, यात नवल नव्हते. सूचना करणाऱ्यांचे म्हणणे सरळ होते. चित्रपटातील पीटर ख्रिस्ती आहे, कमांडो आहे, निरपराध मुलांसाठी तो आपले शरीर पणाला लावतो. धर्मशिक्षणाच्या वर्गाला याहून चांगले उदाहरण कोणते मिळणार?

आमचे मत थोडे निराळे आहे. या चित्रपटात धडा जरूर आहे. मात्र जिथे तो दाखवला जातो तिथे तो नाही, आणि चित्रपटाच्या उत्तरार्धाशी भांडल्यावाचून तो हाती लागत नाही.

लोकप्रिय कलेतून श्रद्धेचा बोध घेणे यात काही गैर आहे, असे मात्र कोणी समजू नये. तसे म्हणायला निदान नाशिक जिल्ह्यातील माणसाने तरी धजू नये. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१०-११च्या सुमारास मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला. पडद्यावर येशूचे जीवन सरकत असता आपल्या डोळ्यांपुढे श्रीकृष्ण आणि रामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या दिसू लागली, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले. त्यातून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. एका धर्माची कथा पाहताना दुसऱ्या धर्माचा माणूस आपल्या श्रद्धेकडे अधिक उत्कटतेने वळला, ही भारतीय चित्रपटाची जन्मकथाच आहे. फाळके यांनी ख्रिस्तपटात चिन्हे मोजली नाहीत. त्यांनी विचारले ते एवढेच, की माझ्या लोकांसाठी असे काही का होऊ नये.

आपण नेमकी चिन्हे मोजत बसतो. पडद्यावर क्रूस दिसला, मेणबत्ती लागली, पांढऱ्या झग्यातला धर्मगुरू हात उंचावून आला की सभागृहात समाधानाचा सुस्कारा उमटतो. हिंदी चित्रपटाने ख्रिस्ती माणूस बहुधा या सामग्रीतूनच उभा केला. ‘बॉबी’तील गोवेकर ब्रॅगांझा किंवा ‘अमर अकबर अँथनी’तील अँथनी ही माणसे लोभस आहेत, पण त्यांच्या श्रद्धेची किंमत त्यांना कोठे मोजावी लागत नाही. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण दिसत नाही.

‘प्रहार’ या पंक्तीतला नाही. पीटर डिसोझा ख्रिस्ती आहे हे आपणांस कळते ते त्याच्या नावावरून, घरावरून आणि बेकरी चालवणाऱ्या बापावरून. हबीब तन्वीर यांनी तो बाप असा साकारला आहे की भट्टीची ऊब त्याच्या बोलण्यात जाणवावी. मुलगा कमांडो प्रशिक्षणाला जातो. मेजर चव्हाण हा कठोर, जवळजवळ निर्दय शिक्षक त्याला घडवतो. अतिरेकी शाळकरी मुलांची बस ओलीस धरतात, त्यांना सोडवताना पीटर पाय गमावतो आणि सैन्यातून घरी परततो. लग्न ठरते, मेजरला निमंत्रण जाते. मेजर मुंबईत पोहोचतो तेव्हा पीटर जिवंत नसतो. हप्ता द्यायला त्याने नकार दिला म्हणून वस्तीतल्या गुंडांनी त्याला ठार मारलेले असते, आणि पाहणाऱ्यांपैकी कोणीही तोंड उघडायला तयार नसते.

मेळाव्यात बहुधा बसच्या प्रसंगावर बोलले जाईल. आम्हांस तो प्रसंग तितका महत्त्वाचा वाटत नाही. तेथे पीटरजवळ शस्त्र आहे, साथीदार आहेत, हुकूम आहे, पुढे पदकाची शक्यताही आहे. बेकरीच्या दारात त्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही. वर्दी गेली, पाय गेले, समोर चार ओळखीचे गुंड, मागितलेली रक्कमही फार मोठी नव्हे. सारी वस्ती देते तेवढीच. तेथे तो ‘नाही’ म्हणतो. सैनिक म्हणून शिकलेले धैर्य सैनिकपण गेल्यावर शिल्लक राहते की नाही, याची परीक्षा त्या दारात होते.

येथे लूकच्या शुभवर्तमानातील एक छोटा प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. यार्देनेच्या काठी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई येतात आणि विचारतात, आम्ही काय करावे? योहान त्यांना शिपाईगिरी सोडा असे सांगत नाही. दंडेलीने किंवा खोटा आळ घालून कोणाकडून पैसे उकळू नका, आपल्या पगारात समाधानी राहा, एवढेच तो सांगतो. आजच्या मराठीत त्याचा अर्थ एका शब्दात सांगायचा तर हप्ता. सैनिकाला नव्या करारात मिळालेला पहिला उपदेश हप्त्याविषयी असावा आणि आपल्या चित्रपटातील ख्रिस्ती सैनिकाने हप्ता नाकारताना मरावे, हा योग दिग्दर्शकाच्या मनात होता असे आम्ही म्हणत नाही. योग खरा आहे एवढेच म्हणतो.

आणि ते नाव! ज्या प्रेषिताचे नाव पीटरला मिळाले त्याने मुख्य याजकाच्या वाड्याच्या अंगणात, शेकोटीजवळ, ‘मी त्याला ओळखत नाही’ असे तीन वेळा सांगितले होते. ‘प्रहार’मध्ये हे उलटे झाले आहे. पीटर नाकारत नाही; नाकारते ती वस्ती. आम्ही काही पाहिले नाही, आम्ही कोणाला ओळखत नाही, असे म्हणणारे ते शेजारी दुष्ट नाहीत. ते मुलाबाळांचे, पोटापाण्याचे लोक आहेत. रविवारी मिस्साला आपल्या शेजारच्या बाकावर बसतात तसेच. धर्मग्रामातील कुटुंबांना या चित्रपटात स्वतःचा चेहरा पाहायचा असेल तर तो पीटरमध्ये शोधण्याची घाई करू नये. तो त्या गॅलऱ्यांमध्ये, बंद होणाऱ्या खिडक्यांमागे अधिक सहज सापडेल. युवकांना चित्रपट दाखवताना आईबापांनाही बोलवावे असे आम्ही सुचवतो ते याचसाठी.

यानंतर चित्रपट मेजर चव्हाणच्या हाती जातो. मेजर चौकशी करतो, वस्तीला जागे करू पाहतो आणि अखेर गुंडांना स्वतःच ठार करतो. सभागृहात या ठिकाणी टाळ्या पडतात. तेहतीस-चौतीस वर्षांपूर्वीही पडत होत्या. नाना पाटेकर यांचा अभिनय असा धारदार आहे की टाळी न देणारा माणूस भेकड वाटावा. येथेच ख्रिस्ती प्रेक्षकाने हात आवरून धरायला हवेत. गेथशेमाने बागेत पेत्राने तलवार उपसून मल्खाचा कान छाटला तेव्हा प्रभूने त्याला तलवार म्यानात घालायला लावली आणि त्या शत्रूचा कान बरा केला. पीटर ज्या न्यायासाठी मेला तो मेजरच्या हातून पुरा होत नाही, त्याचे केवळ सुडात रूपांतर होते. वस्ती पूर्वी गुंडांना भीत होती, आता ती मेजरकडे भयचकित होऊन पाहते. साक्ष द्यायला तेव्हाही कोणी पुढे आलेला नव्हता.

मेजर असा का वागला याचे उत्तर चित्रपट त्याच्या दुखावलेल्या बालपणात शोधतो. ते उत्तर खोटे नाही, पण पुरेसेही नाही. आम्हांस पटकथेत एक माणूस सतत उणा भासतो. या मेजरला मन मोकळे करायला जगात कोणीच नाही. त्याचे वरिष्ठ आहेत, हाताखालचे जवान आहेत, पण ज्याच्यापुढे हुद्दा उतरवून ठेवावा असा एकही माणूस नाही. आणि अशा माणसाची तरतूद भारतीय सैन्याने करून ठेवलेली आहे. पंडित, ग्रंथी, मौलवी, बौद्ध भिक्खू यांच्याप्रमाणेच पाद्रीसुद्धा सैन्यात ‘धर्मशिक्षक’ म्हणून कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्याच्या हुद्द्यावर घेतला जातो. त्यासाठी तो दीक्षित धर्मगुरू असावा लागतो आणि स्थानिक महागुरुस्वामींच्या संमत यादीत त्याचे नाव असावे लागते. या धर्मशिक्षकांचे प्रशिक्षण आपल्या पुण्यातच, राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होते. प्रत्येक पलटणीत पाद्री असतो असे मात्र नाही. जवान ज्या धर्मांचे अधिक, त्यानुसार धर्मशिक्षक मिळतो. कॅथोलिक ख्रिस्तसभेने काही देशांत सैन्यासाठी स्वतंत्र धर्मप्रांत नेमले आहेत, भारतात तसा नाही. म्हणून आपल्या घरातला मुलगा भरती होतो तेव्हा पुष्कळदा त्याचा मिस्सा, त्याचे पापनिवेदन, हे छावणीजवळच्या धर्मग्रामावर अवलंबून राहते.

ही अडचण कागदावरची नाही. रेजिमेंटच्या धर्मपरेडमध्ये गाभाऱ्यात जाऊन पूजेत सहभागी होण्यास नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती लेफ्टनंटला २०२१ साली सेवेतून दूर करण्यात आले. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तो निर्णय उचलून धरला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. त्या निकालाची चर्चा येथे करण्याचा आमचा मानस नाही. परंतु ‘प्रहार’मधील पीटरने पलटणीच्या देवळापुढे काय केले असेल, हा प्रश्न चित्रपटाला पडलाच नाही, हे नोंदवणे भाग आहे. घरी तो ख्रिस्ती आहे, छावणीत केवळ जवान. भरतीसाठी धावणाऱ्या मुलांना हा प्रश्न उद्या पडेल आणि तेव्हा त्यांना कोणाशी तरी बोलावे लागेल.

युरोपीय भाषांत सैन्यातील धर्मगुरूला जो शब्द आहे त्याचे मूळ एका झग्यात आहे. तूरचा संत मार्टिन रोमन सैन्यात असता त्याने तलवारीने आपला झगा दुभंगून अर्धा थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यास दिला. त्या झग्याची राखण करणाऱ्या धर्मगुरूंना ‘कापेलानुस’ म्हणत. त्यावरूनच ‘चॅप्लेन’ आला. तलवारीचा हा उपयोग मेजर चव्हाणला कोणी शिकवला नव्हता.

हा वारसा चालवणाऱ्या एका धर्मगुरूचे नाव आमच्या युवकांनी ऐकलेले नाही. फादर एमिल कपौन हे अमेरिकेतील कॅन्ससच्या एका शेतकरी घरातले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ते भारत-ब्रह्मदेश आघाडीवर होते. पुढे कोरियाच्या युद्धात, नोव्हेंबर १९५० मध्ये, निसटणे शक्य असताना ते जखमींजवळ थांबले. खंदकात पडलेल्या एका घायाळ अमेरिकन सैनिकावर शत्रूच्या शिपायाने बंदूक रोखली होती. कपौन चालत गेले, ती बंदूक हाताने बाजूला सारली आणि त्या सैनिकाला उचलून चालू लागले. तो शिपाई पाहत राहिला. कैद्यांच्या तळावर ते उपाशी सोबत्यांसाठी धान्य चोरून आणीत आणि त्याआधी प्रभूबरोबर क्रूसावर असलेल्या पश्चात्तापी चोराची मध्यस्थी मागत, ही गोष्ट त्यांच्या सुटून आलेल्या सोबत्यांनी सांगितली. २३ मे १९५१ रोजी त्या तळावरच त्यांचा अंत झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या प्राणार्पणास मान्यता दिली. बंदूक बाजूला सारणारा तो हात आणि मेजरचा हात, हे दोन्ही सैन्यातलेच. मेळाव्यात ‘प्रहार’ दाखवणार असाल तर त्यानंतर ही हकिगत सांगायला अर्धा तास राखून ठेवा.

राहता राहिला शेवट. न्यायालय मेजर चव्हाणला मनोरुग्णालयात पाठवते. नाशिककरास येथे देवळाली आठवावी. विलायतेला परतण्याच्या जहाजाची वाट पाहत गोरे शिपाई तेथे महिनोन् महिने पडून राहत. ऊन, ताप आणि रिकामपण यांनी त्यांची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजीत डोके फिरलेल्या माणसाला या गावाच्याच नावाचा अपभ्रंश लावला गेला, ‘डूलाली’. पुढे बीबीसीने १९७४ पासून देवळालीच्या तोफखान्यावर एक विनोदी दूरदर्शन मालिकाही केली आणि तिकडच्या लोकांनी पोट धरून हसून घेतले. एकाकी पडलेल्या शिपायाची व्यथा अशी एकदा शब्दकोशात आणि एकदा विनोदात जिरून गेली. ‘प्रहार’ निदान हसत नाही. त्याच्या अखेरीस मुले मेजरमागे धावताना दिसतात आणि आपल्याला आशा वाटावी अशी दिग्दर्शकाची इच्छा आहे. आम्हांस ती आशा पुरेशी वाटली नाही, कारण ते दृश्य मेजरच्या मनातले आहे आणि मेजर अजून एकटाच आहे.

सैन्यातील धर्मशिक्षकाच्या कामांत रुग्णालयातील जवानांना भेटणे, बरे होत असलेल्यांसोबत प्रार्थना करणे आणि शिक्षा भोगणाऱ्यांची भेट घेणे, ही कामे ठरवून दिलेली आहेत. मेजर चव्हाण एकाच वेळी शिक्षाही भोगतो आहे आणि रुग्णालयातही आहे. त्याच्या भेटीला कोणी गेल्याचे चित्रपटात दिसत नाही.